परतीच्या वळणाइतकी जागा

चैत्र-वैशाखाच्या दुपारी सणसवाडीतल्या कारखान्यांचे पत्रे इतके तापतात, की त्यांच्या माथ्यावरची हवा वाहत्या पाण्यासारखी हलताना नुसत्या डोळ्यांना दिसते; आणि अशा वेळी कोठून तरी एक घार तेथे येते, पत्र्यांच्या वर जेमतेम वीस-पंचवीस हात असताना पंख पसरून स्थिर करते, आणि मग पंखांची एकही फडफड न करता, रुंद होत जाणारी वर्तुळे घेत, पाहता पाहता ठिपक्याएवढी होऊन जाते. तिला वर नेणारे बळ तिचे स्वतःचे नसते. ते हवेचे असते, आणि हवेत ते नेमके कोठे आहे याचे ज्ञान तेवढे तिचे असते. त्याच आकाशातून लोहगावच्या तळावरची हवाई दलाची सुखोई विमाने जातात, तेव्हा आमच्या घरांच्या खिडक्यांची तावदाने थरथरतात. त्या यंत्रांच्या पोटात एवढे सामर्थ्य कोंडलेले असते, की खाली कोणता पत्रा तापला आहे आणि कोणत्या शेताला पाणी दिले आहे याची विचारपूस करण्याचे त्यांना कारणच पडत नाही.

या दोहोंच्या मधला एक उडणारा आहे आणि माझ्या विवेचनाचा विषय तो आहे. शंभर-सव्वाशे अश्वशक्तीचे, एका पंख्याचे, दोन किंवा चार माणसांचे छोटे विमान घेऊन जो डोंगराळ मुलूख ओलांडू पाहतो, त्याच्यापाशी घारीइतके उपजत ज्ञान नसते आणि सुखोईइतके बळही नसते. नगर रस्त्यावर कारखान्यांच्या फाटकांपुढे जे मोठे ट्रक रांगेने उभे असतात, त्यांतल्या बहुतेकांच्या इंजिनाची ताकद त्याच्या इंजिनाहून अधिक भरेल. शिवाय ट्रकला घाट चढताना जमीन खालून आधार देत असते. विमानाला आधार द्यायची ती हवा उंचीबरोबर विरळ होत जाते आणि साध्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांमागे सुमारे तीन टक्क्यांनी घटत जाते. म्हणजे डोंगर जितका उंच, तितके त्याला ओलांडायचे बळ कमी, असा हा उलटा हिशेब आहे. त्यात उन्हाळा मिसळला म्हणजे काय होते याचा एक दाखला देण्यासारखा आहे. लोहगावची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे ५९० मीटर उंचीवर आहे. पण पारा ४० अंशांवर गेलेल्या दुपारी तेथली हवा इतकी पातळ होते, की छोटे विमान प्रमाण वातावरणात १६०० मीटरच्या पुढे जसे वागेल तसे वागू लागते. कळसूबाईची उंची १६४६ मीटर आहे. वैमानिकाने जागचे न हलता, केवळ ऊन वाढल्यामुळे, त्याची धावपट्टी जणू महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच शिखरावर नेऊन ठेवली जाते आणि डोळ्यांना मात्र काहीच बदललेले दिसत नाही.

वाऱ्याची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. तरी शिरूर तालुक्यातल्या माणसाला ती समजावून सांगण्याची फारशी आवश्यकता नाही, कारण तिचे परिणाम तो पिढ्यान्‌पिढ्या भोगत आला आहे. आषाढात पश्चिमेकडून येणारा वारा सह्याद्रीच्या कड्याला धडकतो, वर चढतो, थंड होतो आणि आपले पाणी घाटमाथ्यावर टाकून देतो. मग रिकामा झालेला तोच वारा आमच्या बाजूला खाली उतरतो, उतरताना तापतो, आणि आमच्या बाजरीच्या शेतांवरून कोरडाच पुढे जातो. आम्ही याला पर्जन्यछाया म्हणतो आणि ते नशीब म्हणून स्वीकारतो. छोट्या विमानाच्या वैमानिकाला मात्र त्या चढत्या-उतरत्या हवेतूनच मार्ग काढायचा असतो. कोकणातून देशाकडे येताना चढता वारा त्याला वर उचलतो. देशावरून कोकणाकडे जाताना मात्र, माथा गाठण्याच्या थोडे अगोदर, नेमक्या ज्या जागी त्याला उंची हवी असते त्याच जागी, उतरता वारा त्याच्या पंखांवर बसतो. समुद्रसपाटीला मिनिटाला सातशे फूट चढण्याची ग्वाही देणारे विमान माथ्याच्या उंचीवर तेवढे चढत नाहीच. आणि उतरत्या वाऱ्याचा वेग त्याच्या उरलेल्या चढाईहून अधिक असू शकतो. तेव्हा इंजिन पूर्ण ताकदीने ओरडत असते, विमानाचे नाक वर असते, आणि उंची मात्र कमी होत असते.

या परिस्थितीवर वैमानिकांच्या विद्येने जो तोडगा काढला आहे, तो ऐकल्यापासून माझ्या मनातून गेलेला नाही. तो असा, की डोंगराच्या धारेला कधी समोरून काटकोनात भिडायचे नाही. तिला तिरपे, सुमारे पंचेचाळीस अंशांच्या कोनाने जायचे. काटकोनात गेले आणि उंची अपुरी पडली, तर परत फिरण्यासाठी अर्धे वर्तुळ घ्यावे लागते. तिरपे गेले, तर त्याच्या निम्म्याहून कमी वळणात उताराकडे तोंड करता येते. ताशी १६५ किलोमीटर वेगाने जाणारे विमान पंख ३० अंश कलवून वळले, तर वारा नसतानाही त्या अर्धवर्तुळाची रुंदी सुमारे पाऊण किलोमीटर भरते. आणि अरुंद दरीत तेवढी जागा नाही असे ध्यानात आल्यावर जो घाबरून पंख अधिक कलवतो, त्याच्या पंखांना भार पेलण्यासाठी अधिक वेग लागतो, तो वेग त्याच्यापाशी नसतो, आणि विमान हवेत तरण्याचे सोडून पडू लागते. म्हणून दरीच्या मधोमध जायचे नाही. एका कुशीला धरून जायचे, म्हणजे वळणाला सगळी रुंदी मिळते. या सर्व नियमांचे सार पाहिले, तर पुढे जाण्याचा नियम त्यांत एकही नाही. प्रत्येक नियम परत फिरण्याची जागा राखून ठेवण्याचा आहे.

माझे प्रतिपादन हेच आहे. अल्प बळाच्या माणसाला, किंवा यंत्राला, दुर्गम प्रदेशातून जो मार्ग मिळतो तो त्याच्या धाडसामुळे मिळत नाही. परतीच्या वळणाची जागा शेवटपर्यंत सांभाळल्यामुळे मिळतो. आणि आपण महाराष्ट्रीयांनी, ज्यांचा सगळा इतिहासच अल्प बळाने डोंगराळ मुलूख राखण्याचा आहे, ही विद्या एके काळी जाणूनही तिचा मान मात्र कधी केला नाही.

मला ही गोष्ट पुस्तकातून उमगली नाही. काही वर्षांपूर्वी, भाद्रपद सरत असताना, एका परिचित वैमानिक-प्रशिक्षकांच्या शेजारी बसून मी देशावरच्या एका लहानशा धावपट्टीवरून पश्चिमेकडे निघालो होतो. दोन माणसांचे, ११० अश्वशक्तीचे ते विमान इतके अरुंद होते, की आमचे खांदे एकमेकांना घासत होते. निघण्यापूर्वी त्यांनी मांडीवर नकाशा पसरला, भोरच्या पश्चिमेला नीरा-देवघरच्या जलाशयाची भिंत बोटाने दाखविली, आणि तेथे शिसपेन्सिलीने एक आडवी रेघ ओढून म्हणाले, “काका, या रेघेशी साडेपाच हजार फूट नसले, तर वळायचं. तेव्हा विचार करत बसायचं नाही. विचार आत्ता करून ठेवलाय.” मी मान डोलावली, परंतु मनात माझे उद्दिष्ट निश्चित होते. वरंध घाटाचा कडा मला आकाशातून पाहायचा होता, आणि त्यासाठी मी पहाटे तीनला उठून आलो होतो.

भाटघरचे पाणी खालून सरकले. उजव्या हाताला राजगड आणि त्याच्या मागे तोरणा, डाव्या हाताला रायरेश्वराचे लांबलचक पठार, आणि समोर, कापसाच्या गाठी रचून ठेवाव्यात तसे, घाटमाथ्यावर बसलेले पांढरे ढग. दृश्य असे होते की मी उंचीच्या काट्याकडे पाहिलेच नाही. प्रशिक्षक पाहत होते. काटा पाच हजार दोनशेवर येऊन थांबला होता आणि मग, इंजिनाच्या आवाजात तिळमात्र फरक न पडता, तो मागे सरू लागला. ढगांच्या मधून एक फट दिसत होती आणि तिच्यातून पलीकडचे निळसर कोकण मला स्पष्ट दिसले; मी बोटाने ती दाखविलीही. त्यांनी माझ्या बोटाकडे पाहिले, नकाशावरच्या रेघेकडे पाहिले, आणि विमान डावीकडे कलवले. कोकण माझ्या खिडकीतून निसटले आणि तेथे रायरेश्वराचा उतार आला, आणि मग परतीचे भोर.

खाली उतरल्यावर चहा पिताना मी काही बोललो नाही. खरे सांगायचे तर मला लाज वाटत होती; जणू आम्हा दोघांच्या हातून काहीतरी उणे घडले होते आणि ते कोणाला सांगण्याजोगे नव्हते. ही लाज कोठून आली असावी, याचा शोध मी त्यानंतर दीर्घकाळ घेत राहिलो, आणि तो शोध मला एका दोराशी घेऊन गेला.

कोंढाण्याच्या लढाईत तानाजी पडल्यावर मावळे माघारी फिरू लागले, तेव्हा परतीचे दोर कापून टाकल्याचे सांगून सूर्याजीने त्यांना पुन्हा शत्रूवर घातले, ही आख्यायिका आपल्यापैकी प्रत्येकाने बालपणी ऐकलेली आहे. ती ऐकताना अंगावर रोमांच उभे राहतात आणि राहायलाच हवेत. त्या पराक्रमाविषयी माझ्या मनात तसूभरही किंतु नाही. परंतु तो कापलेला दोर आपल्या मनात एका प्रसंगाचा म्हणून राहिला नाही. सर्व प्रसंगांचा आदर्श होऊन बसला. १६७० मध्ये जो कोंढाणा जिंकला, तो त्यापूर्वी पाचच वर्षे पुरंदरच्या तहात, २३ किल्ल्यांच्या यादीत, मोगलांच्या हवाली करण्यात आला होता, हे आपण वाचतो खरे, पण त्याच्यावर क्षणभर थांबत नाही. १६६५ च्या त्या उन्हाळ्यात मिर्झाराजांची फौज पुरंदराला वेढा घालून बसलेली असताना, शिवाजी महाराजांनी उरलेल्या बळाची जमाबाकी मांडली, अशीच पुढची वाट धरली तर वळायला जागा उरणार नाही हे ओळखले, आणि जागा असतानाच वळण घेतले. त्या तहात राखलेल्या बारा किल्ल्यांच्या बळावरच १६७० चा कोंढाणा पुढे शक्य झाला. दोर कापणारा सूर्याजी आणि दोर शाबूत ठेवणारे महाराज एकाच स्वराज्याचे. तरीही आपले पोवाडे पहिल्यासाठी आहेत आणि दुसऱ्या निर्णयाला आपण नाइलाज असे नाव देऊन मोकळे होतो. ज्या समाजाच्या युद्धविद्येला गनिमी कावा म्हणतात, म्हणजे जिच्यात हुलकावणी, माघार आणि आडवाट यांनाच शास्त्राचा दर्जा आहे, त्या समाजाने माघारीची लाज बाळगावी, याचा मला विस्मय वाटतो आणि खेदही होतो.

सह्याद्रीने मात्र येणाऱ्या प्रत्येक नव्या वाहनाला हाच धडा पुन्हा शिकविला आहे. सातवाहनांच्या काळी ओझ्याची जनावरे नाणेघाटाने चढत, तेव्हा त्यांना कड्याची खाच शोधावी लागली, आणि त्या खाचेच्या माथ्यावर जकातीचा म्हणून दाखविला जाणारा दगडी रांजण आजही आहे. १८६३ साली बोरघाटातून लोहमार्ग सुरू झाला, तेव्हा वाफेच्या इंजिनाला ३७ फुटांत एक फूट अशी चढण एका दमात, सरळ मार्गाने पेलण्यासारखी वाट त्या डोंगरात सापडली नाही. म्हणून अभियंत्यांनी खंडाळ्याच्या खाली एक उलटफेरीचे स्थानक बांधले: गाडी तेथवर चढून यायची, थांबायची, इंजिन काढून मागच्या टोकाला जोडले जायचे, आणि गाडी आल्या दिशेला पाठ न करता, नव्या दिशेला तोंड करून उरलेला घाट चढायची. १९२९ पर्यंत, म्हणजे पासष्टांहून अधिक वर्षे, मुंबईहून पुण्याला येणारा प्रत्येक उतारू हा प्रवास असा उलट फिरून करीत होता, आणि आपण मागे गेलो असे त्यांच्यापैकी कोणालाही वाटल्याचे ऐकिवात नाही. आजही कर्जतला गाड्यांच्या मागे जादा इंजिने जोडली जातात. बळ वाढले, तरी डोंगराशी चाललेला करार रद्द झालेला नाही.

येथे कोणी जाणता वाचक माझ्यापुढे एक आक्षेप ठेवील, आणि तो बलवान आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूपर्यंत टपाल आणले, ते पस मॉथ नावाच्या एका इंजिनाच्या छोट्या विमानातून. आणि नेव्हिल व्हिन्टसेंट यांनी तेच टपाल पुढे बल्लारीमार्गे मद्रासला नेले. त्या इंजिनाची शक्ती १२० अश्वशक्तीच्या आसपास. विमानात बिनतारी यंत्र नव्हते, जमिनीवर दिशा सांगणारे काही साधन नव्हते. अशा विमानांनी पहिल्या वर्षात वक्तशीरपणाचा पूर्ण शंभर टक्के हिशेब दिला, आणि नागरी विमान वाहतूक खात्याच्या त्या काळच्या अहवालाने, पावसाळ्यात पश्चिम घाटावरच्या टप्प्यातले धोके वाढलेले असतानाही एकदासुद्धा टपाल चुकले नाही, अशी मुद्दाम नोंद करून त्या सेवेची वाखाणणी केली. मग परत फिरण्याचे एवढे माहात्म्य कशाला? त्या वैमानिकांनी तर छोटी विमाने घेऊन तोच डोंगर, तोच पाऊस, ओलांडून दाखविला!

या आक्षेपाचे उत्तर येरवड्याला आहे, आमच्या सणसवाडीहून नगर रस्त्याने पुण्याकडे जाताना लागते तेथे. जुहूची धावपट्टी म्हणजे एक चिखलाचे मैदान होते. पावसाळ्यात भरतीच्या वेळी ते समुद्राच्या पातळीखाली जाई. तेव्हा टाटांच्या कंपनीने जुहूशी हट्ट धरला नाही. पावसाळा आला की विमाने, वैमानिक आणि यांत्रिक असा सगळा बाडबिस्तरा उचलून तिने मुक्काम पुण्याला हलविला, आणि येरवड्याच्या तुरुंगाच्या सावलीतले एक मैदान धावपट्टी म्हणून वापरले. ज्या तुरुंगात १९३२ च्या सप्टेंबरात पुणे करार झाला, तोच हा तुरुंग. शंभर टक्क्यांच्या त्या आकड्यामागे वैमानिकांचे असामान्य कौशल्य होतेच. पण त्याच्यामागे ही जमिनीवर, दिवसाउजेडी, पंचांग पाहून घेतलेली माघारही होती. जे वळण हवेत घेणे महागात पडले असते, ते त्यांनी जमिनीवरच घेऊन टाकले. प्रशिक्षकांनी नकाशावर ओढलेली रेघ आणि टाटांचा तो पुण्याचा मुक्काम या दोहोंत मला तत्त्वतः काहीच अंतर दिसत नाही.

दुसराही एक आक्षेप आहे, आणि तो अधिक लोकप्रिय आहे: बळच वाढवा, म्हणजे हे सारे प्रश्न मिटतील. बळ वाढवावे, याला माझी संमती आहे. दुबळेपणात काही पावित्र्य असते असे मी मानीत नाही. ज्याला अधिक शक्तीचे इंजिन परवडते त्याने ते अवश्य घ्यावे. परंतु याच पुणे जिल्ह्यात, जुन्नरजवळ, दावंड्याची म्हणून ओळखली जाणारी एक टेकडी आहे. ७ जुलै १९६२ च्या पावसाळी रात्री, बँकॉकहून मुंबईला येणारे अलितालिया कंपनीचे डीसी-८ हे विमान त्या टेकडीवर आदळले आणि आतली ९४ माणसे मरण पावली. चार जेट इंजिनांचे ते विमान त्या काळच्या जगातल्या सामर्थ्यवान विमानांपैकी होते; सह्याद्रीसारखे डोंगर एकावर एक कितीतरी रचले असते तरी ते वरून गेले असते. चौकशीत आढळले ते असे, की मार्गाच्या गणनेत चूक झाली, मुंबई आहे त्याहून जवळ आली असे वाटले, आणि डोंगर पायांखाली असतानाच उतरायला आरंभ झाला. ज्यांनी आपली माणसे त्या रात्री गमावली त्यांच्या दुःखापुढे कोणताही युक्तिवाद करताना संकोच वाटतो. तरी एवढे म्हटल्यावाचून राहवत नाही, की बळाने त्या विमानाला डोंगराची विचारपूस करण्यापासून मुक्त केले होते, डोंगरापासून नव्हे.

आमच्याकडे एक शब्द आहे: वाफसा. पाऊस पडल्यावर जमीन चिखलही नाही आणि कोरडीही नाही अशा नेमक्या ओलाव्याला येते, तेव्हा वाफसा आला असे म्हणतात आणि मगच पाभर धरतात. शेजारच्याने पेरले म्हणून, बियाणे घरात येऊन पडले म्हणून, किंवा मुलगा शहरातून रजा काढून आला आहे म्हणून जो वाफशाआधी पेरतो, त्याच्यावर दुबार पेरणीची पाळी येते. मी या गावातल्या वृद्ध शेतकऱ्यांना शेताच्या बांधावर बसून ढेकूळ मुठीत दाबताना, ते फुटते कसे ते पाहताना, आणि काही न बोलता तिफण पुन्हा गोठ्यात नेऊन ठेवताना पाहिले आहे. त्या परतीला गावात कोणी हसत नाही, उलट त्या माणसाचा शब्द पुढे चार जण विचारतात. मग विमान खराब हवामानामुळे परत फिरले, की उतारूंनी कर्मचाऱ्यांना धारेवर का धरावे? घाटात दरड कोसळण्याचा इशारा असताना माल वेळेवर पोचलाच पाहिजे, असा हुकूम चालकाला का सोडावा? पावसाळ्यात गडावरून अर्ध्या वाटेने उतरलेल्या पोरांना घरी टोमणे का ऐकावे लागावेत? शेतातली ही शहाणीव आपण रस्त्यावर आणि आकाशात नेली नाही, बांधावरच सोडून आलो. चालकाला, वैमानिकाला, गिर्यारोहकाला वळण्याची मुभा कागदोपत्री सर्वत्र आहे. पण वळून आल्यावर त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिले जाते ती नजर त्या मुभेचा अर्ध्याहून अधिक भाग काढून घेते. ती नजर त्या दिवशी चहाच्या टेबलाशी माझीही होती, हे मी येथे कबूल करतो.

त्यानंतर पौषातल्या एका सकाळी आम्ही पुन्हा निघालो. सूर्य नुकता वर आला होता, हवेत हालचाल नव्हती, आणि भाटघरच्या पाण्यावर एक सुरकुती नव्हती. नीरा-देवघरच्या भिंतीशी काटा साडेपाच हजारांच्या किंचित वर होता. प्रशिक्षकांनी विमान उजव्या कुशीला नेले आणि घाटमाथ्याच्या धारेकडे तिरपे सोडले. मी समोर पाहत होतो, आणि ते, जोवर धार खालून सरकली नाही तोवर, डाव्या खांद्यावरून मागच्या दरीकडे पाहत होते. मग जमीन एकाएकी संपली. पायांखाली दोन-अडीच हजार फुटांची पोकळी उघडली, तिच्या तळाशी धुके होते, आणि धुक्यातून शिवथरच्या बाजूची झाडी काळसर वर आली होती. मी काही बोललो असलो तर ते मला आठवत नाही. त्यांनी नकाशा उचलला, अंगठ्याने ती पेन्सिलीची रेघ पुसली, आणि दुपारच्या परतीसाठी, आता कोकणाच्या बाजूने, दुसरी ओढली.